गच्चीवरून न दिसलेली कापशी

१० नोव्हेंबर, सकाळ
रिटायर झाल्यावर माणसाला छंद हवा. मी कापशी घार निवडली. मुलीनं, अनुपमानं, दुर्बीण दिली. वर्णन पाठ केलं. अंग पांढरं-राखाडी, खांद्यावर काळा डाग, डोळे लालभडक, हवेत एका जागी पंख मारत थांबते. आढळ आफ्रिकेपासून इंडोनेशियापर्यंत. म्हणजे दौंड वाटेतच आलं. आठवड्यात फोटो काढणार.

१४ नोव्हेंबर
कापशी नाही. बायको, प्रतिभा, शिरूरला अनुपमाकडे गेली. आठेक दिवसांसाठी असावी. रिक्षात बॅग ठेवून तिनं गच्चीकडे बघितलं, काहीतरी बोलली. मी दुर्बिणीत होतो. रेल्वेतली गार्डची नोकरी संपली, सवय नाही. गाडी सोडताना करायचो तसा हात हलवून ऑलराइट दिला, म्हणजे निघा. रिक्षा सुटली.

२२ नोव्हेंबर
शिलाई मशीन इथंच आहे, म्हणजे येणारच. मशीनशिवाय तिला करमत नाही. माझ्याशिवाय करमतं. मी कायम लाईनवर असायचो ना!
उद्यापासून भाकरी शिकणार.

२३ नोव्हेंबर
भाकरी स्थगित. डबा लावला. तात्पुरता.

२ डिसेंबर
कापशी नाहीच. प्रतिभाला फोनवर कापशीचं सगळं वर्णन ऐकवलं. ती म्हणाली, अहो, ती तर हितं दारापुढच्या तारेवर रोज बसती. कबुतर असेल, मी समजावलं. कबुतर उंदीर धरतं व्हय, म्हणाली आणि फोन ठेवला. कधी येतेस हे विचारायचं राहिलं. नेटवर्कच खराब.

१२ डिसेंबर
सकाळच्या एसटीनं शिरूर. उद्देश फक्त कापशी.
खरंच तारेवर होती. मग ज्वारीवर जाऊन हवेत थांबली, एकदम खाली आली, उंदीर घेऊन उठली. दुर्बीण लागलीच नाही. प्रतिभा शेजारी उभी होती. विचारलं, कधी येतेस? ती म्हणाली, रिटायर झालात तवा वाटलं, आता तरी घरी याल. तुम्ही गच्चीवर गेलात. त्या दिवशी रिक्षापाशी थांबून इचारलं व्हतं, जाऊ का म्हणून. तुम्ही हात केलात.
चहा चांगला होता. थोडा तसाच राहिला.

२० डिसेंबर
दुर्बीण कपाटात. गच्चीला कुलूप. किल्ली प्रतिभा आली की तिच्याच हातात देणार. संध्याकाळी घर खायला उठतं. मशीनवरची धूळ पुसली.

४ जानेवारी
जावई सत्यजीत टेम्पो घेऊन आले. प्रतिभाला तिकडे ब्लाऊजची कामं मिळायला लागलीत म्हणे, मशीन मागवलंय. एका बाजूनं मीच धरलं. जड आहे. इतकी वर्षं घरात होतं, कधी उचलून पाहिलं नव्हतं.
ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे बघत थांबला. थांबा म्हणायचं ठरवलं होतं. तोंड उघडायच्या आत हात वर गेला. ऑलराइट.