पहिल्या बाराची दोरी

मी, झरीन बाबामियाँ परकार, वय सत्तेचाळीस, अविवाहित, मूळ गाव दाभोळ, हल्ली मुक्काम मत्रह, मस्कत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. उजवा डोळा गेला आहे, अक्कल शाबूत आहे. कोणी धाक घातलेला नाही, गोड बोलूनही कोणी लिहून घेतलेले नाही. पुढच्या आठवड्यात हृदयाची शस्त्रक्रिया आहे, म्हणून आज.

१. माझा वारस एकच, धाकटा भाऊ यासिर. शरियतप्रमाणे मला एक तृतीयांशाचीच वसियत करता येते, बाकीचे त्याचे. त्यालाच मी बोट धरून चालायला शिकवले होते.

२. बंदूक-दुरुस्तीचे दुकान अर्बाबच्या, म्हणजे इथल्या ओमानी मालकाच्या, नावावर आहे, ते मी देऊ शकत नाही. लाकूडकामाची सगळी हत्यारे, अक्रोडाच्या फळ्या आणि दाभोळच्या घरातला माझा हिस्सा यासिरची मुलगी नौशीन हिला मिळावा. एवढे एक तृतीयांशात बसत नाही. त्याला यासिरची संमती लागेल, आणि ती माझ्या पश्चातच धरली जाते.

३. ती कशी घ्यावी, त्यासाठी हे सांगणे भाग आहे. दोन वर्षांपूर्वी आमचे गिऱ्हाईक रशीदचाचा यांनी त्यांच्या आजोबांची मार्टिनी रायफल आणली. नातवाच्या लग्नात तिचा बार उडवायचा होता. खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता वाळवीने पोखरलेला, नळीत गंज, गोळीमागचा लोखंडी ठोकळा ढिला. लोखंड यासिरचे, लाकूड माझे, ही अब्बांनी करून दिलेली वाटणी. मी अक्रोडाचा दस्ता कोरला, जुन्यावरची चांदीची पट्टी त्यावर बसवली, तळहाताने तेल जिरवले.

अब्बांच्या रीतीने पहिला बार कधीच माणसाच्या खांद्यावरून नसे. बंदूक टायरला बांधायची, भिंतीआडून दोरीने घोडा ओढायचा. मग मालकाने उडवायची, आणि जोडणाऱ्याने त्याच्या शेजारी उभे राहायचे. "आपल्या कामाजवळ उभं राहवत नसेल तर ते गिऱ्हाइकाला देऊ नये," असे अब्बा म्हणत.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी यासिरला विचारले, "दोरी लावून पाहिलीस ना?"

"खलास, आपा! झालं ते. तू उभी राहा, चाचा खूश होतील."

मी उभी राहिले. चाचांनी बार उडवताच ठोकळा फुटून मागे आला. चाचांचा गाल भाजला, माझ्या डोळ्यात कपची गेली, दस्ता चिरला. इस्पितळात शुद्धीवर येताना पहिला आवाज कानी आला तो यासिरचा. पडद्यापलीकडे तो सांगत होता, "लाकूड कच्चं निघालं, चाचा. आपाच्या हातून राहिलं."

मीही ते खरे मानले. पुढे त्याच्या गाडीच्या डिकीत मीच आणून दिलेली दोरी सापडली. प्लास्टिकचे वेष्टनसुद्धा फोडलेले नव्हते.

"लग्नाची घाई होती गं," तो म्हणाला. "आता उकरून काय मिळणार? पोरीला कळलं तर काय वाटेल तिला?"

पोरीला काय वाटते ते मला रोज दिसते. नौशीन माझा प्रत्येक दस्ता अंगठ्याने दाबून बघते, मग हळूच माझ्याकडे बघते.

४. चाचांनी रायफल पुन्हा माझ्याकडेच धाडली. ठोकळा दुसऱ्या कारागिराने घडवला. दस्ता मी केला, आणि कपडे वाळत घालायच्या दोरीने पहिला बारही मीच ओढला. लाकडावर चरा नाही. चाचांनी दुसरा बार उडवला तेव्हा मी शेजारीच होते. नौशीन तेव्हा गावी होती.

५. ती बंद दोरी माझ्या रंध्याच्या खणात आहे. संमतीची सही करण्याआधी यासिरने नौशीनसमोर तिचे वेष्टन स्वतः फोडावे आणि म्हणावे, "मी दोरी बांधली नव्हती. आपाचं लाकूड पक्कं होतं." बाहेरच्या कोणालाही बोलावू नये. त्याची बदनामी मला नको आहे.

तो बोलला नाही, तर एक तृतीयांशात बसेल तेवढेच नौशीनला द्यावे, आधी हत्यारे. सोबत ती दोरी, आहे तशी बंद. आणि हा कागद तिने स्वतः वाचावा.

साक्षीदार: बदरुद्दीन हुसैनमियाँ मुकादम, मत्रह (सही)
साक्षीदार: जयवंती रामकृष्ण तांबे, अझैबा (सही)

लिहून देणार: झरीन बाबामियाँ परकार (सही)
मत्रह, १४ नोव्हेंबर २०२४

माझ्या पश्चात, वर लिहिलेले बोलून झाल्यावर, वारसाची संमती:
यासिर बाबामियाँ परकार ____________