तयार मुली

प्रिय नीलू,

अभिनंदनाचा मेसेज मिळाला. बावीस मॅच जिंकलो, हे खरं. पण इथल्या पेपरने आमच्या नव्या हेड कोचला ‘जादूगार’ म्हटलंय, ते वाचून माझं डोकं फिरलंय. कसली जादू? गेल्या एप्रिलमध्ये आल्या आल्या तो मला म्हणाला, “शिकवत बसायला वेळ कुणाला आहे? तयार मुली आणू.” आणि दुसऱ्या कॉलेजांतून सहा मुली उचलून आणल्या. गुणी आहेत गं, त्यांचा काही दोष नाही. पण त्यांना ज्यांनी घडवलं त्यांची नावं कोण छापणार? हा बाबा हाताची घडी घालून उभा राहतो आणि मॅच संपली की मुलाखत देतो!

आपल्याला नागपुरात कुणी निवडून आणलं होतं? मैदानावर जी येईल तिला आपले सर बास्केटबॉल शिकवायचे. तुला तर सुरुवातीला बॉल धड झेलताही येत नव्हता. त्याच शिकवणीच्या भरवशावर मी इथे अमेरिकेत असिस्टंट कोच झाले. तुझी रुही आमच्या टीममध्ये आली, तेव्हा डाव्या हाताने तिला ड्रिबल जमायचं नाही. दोन वर्षं रोज सकाळी साडेसहाला आम्ही दोघी जिममध्ये. बाहेर मिनेसोटाची थंडी आणि ही पोरगी घामाने निथळतेय. गेल्या वर्षी फेब्रुवारीत, हा कोच यायच्या आधी, ती डावीकडून घुसली आणि बास्केट टाकली, तेव्हा मी बेंचवरून उडीच मारली.

सहा नव्या आल्या, म्हणजे सहा जुन्यांना जावं लागणार. यादी मलाच करायला लावली. रुहीच्या नावापाशी त्याने विचारलं, “ही यंदा पहिल्या पाचांत खेळेल?” अजून एक वर्ष दिलं असतं तर नक्की खेळली असती. एवढंच बोलायचं होतं मला. पण त्याच आठवड्यात माझं कॉन्ट्रॅक्ट त्याच्या टेबलावर होतं. मी “नाही” म्हणाले.

रुहीला हे सगळं मीच सांगितलं. तुझी-माझी मैत्री तुटू नये म्हणून तिने घरी सांगितलं, अभ्यास झेपेना म्हणून टीम सोडली. रविवारी फोनवर तू म्हणालीस, “पोरीला काही शेवटपर्यंत करायची सवयच नाही,” आणि मी विषय बदलला. वर्षभर मी त्या माणसावर चिडतेय, पण नाव खोडलं माझ्या हाताने. काल रुहीला विचारलं, आईला सांगू का? ती म्हणाली, “मावशी, प्लीज टेल हर.” तर ऐक, नीलू. तिने काही सोडलेलं नाही. तिला काढलं, आणि मी काढलं. माझ्याशी हवं तर बोलू नकोस, पण आज तिला फोन कर.

तुझीच,
सुनेत्रा