हात न ठेवलेल्या माणसाची भाकर

अण्णा, उद्या रविवार आहे आणि डिंभ्याच्या आपल्या घरांनी मला प्रभुभोजन द्यायला बोलावलंय. मला! भाकर मोडायची, प्याला फिरवायचा, शब्द म्हणायचे, सगळं मी. कारण तिथं चर्चचा पाळक येत नाही. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. "कळवते" म्हणून मंचरला परत आले आणि परवापासून मला एका जागी बसवत नाही. आज अमावास्या, कांद्याचा लिलाव बंद. आडत्याच्या गाळ्यावर मी एकटीच, कॉम्प्युटरवर फडकं टाकलेलं, बाहेर हायवेवर ट्रकांची बोंबाबोंब. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि पत्र लिहायचं आत्ता सुचतंय. खरं सांगू? पत्र नाही, भांडण सुचतंय. तुम्ही समोर असता तर सलामसुद्धा न करता विचारलं असतं, त्या दिवशी सगळ्यांसमोर "चुकलो" का म्हणालात?

थांबा, आधी कोंबड्यांचं आठवतं. मी शाळेत होते. पुण्याहून पाळक तीन महिन्यांतून एकदा यायचे, भोजन द्यायचे आणि दुपारची एस.टी. पकडायचे. त्या रविवारी उरलेली भाकर ताटलीत झाकून तुम्ही घरी आणलीत आणि फळीवर ठेवलीत. आईला वाटलं शिळी आहे. तिने कुस्करून दाणे मिसळले आणि अंगणात टाकली. तुम्ही नारायणगावच्या डेपोतून ग्रीसच्या हातांनी घरी येता, फळीकडे बघता, अंगणात बघता, आणि काय आवाज चढलाय तुमचा! लाल कोंबडी भिऊन चुलीमागे शिरली होती. आई मात्र जागची हलली नाही. कमरेला पदर खोचून म्हणाली, "तुमीच सांगता ना, भोजन उरकलं की मागं ऱ्हाती ती नुस्ती भाकर? मंग वरडता कशापायी?" मग रात्री जेवताना तुम्हीच सांगायला लागलात, की उरलेल्या भाकरीवरून आपल्या ल्यूथरन पंथातल्या शास्त्र्यांची जुन्या काळी किती कचाकचा भांडणं झाली. कुणी म्हणे ती अजून पवित्र, कुणी म्हणे खाण्यापिण्याचा विधी संपला की संपलं. "मला दुसरं पटतं," म्हणालात. पण त्या आठवड्यात लाल कोंबडीचं अंडं तुम्ही तोंडात घातलं नाहीत. आई आजही हे सांगून हसते.

जुन्नरच्या बाजूला ल्यूथरन म्हणजे आपलीच मूठभर घरं. शेजारीपाजारी "ते चर्चच्या देवळातले लोक" म्हणायचे आणि दिवाळीला फराळाचं ताट द्यायचे, त्यापलीकडे कुणाला आपला पंथबिंथ कळत नव्हता. तुम्ही तरुणपणी दोन वर्षं ल्यूथरन लोकांच्या बायबल शाळेत काढलेली. आजोबा वारले, घर अंगावर आलं, तुम्ही एस.टी. डेपोतला पाना हातात घेतलात आणि पाळकदीक्षा राहून गेली. तुमच्या डोक्यावर कुणी हात ठेवले नाहीत. म्हणून तुम्ही फक्त वाचक. शास्त्र वाचायचं, प्रार्थना घ्यायची, गाणं सुरू करायचं. भाकरीला हात लावायचा नाही. हे तुम्ही इतकं काटेकोर पाळायचात की पाळकांना ताटली देतानासुद्धा खाली रुमाल धरायचात.

मग पुण्यात आपल्या देवळांच्या ट्रस्टच्या दोन गटांची जुंपली, प्रकरण कोर्टात गेलं आणि कोर्टाने प्रशासक नेमला. आपल्या देवळाला कुलूप लावायला ते स्वतः आले. रिटायर झालेले तहसीलदार, कपाळावर गंध, अगदी सभ्य माणूस. बिचारे अवघडून ओट्यावर बसले आणि तुम्हाला म्हणाले, "भाऊ, तुमच्यात गुरुजी नेमायचा अधिकार कुणाला? ट्रस्टला का लोकांला? एका वाक्यात सांगा, मला वर कळवायचंय." तुम्ही हसलात. "साहेब, ह्याच्यावर जर्मनीपासून अमेरिकेपर्यंत भांडणं झालीत. एका वाक्यात कुठनं सांगू?" मग आईने चहा टाकला आणि तुम्ही सुरू झालात. एका राजाने कसा हुकूम काढला, की दोन पंथांच्या मंडळ्यांनी एक व्हायचं आणि त्याने दिलेलं उपासनेचं पुस्तक वापरायचं. आपले लोक म्हणाले, भोजनात प्रभू खरोखर असतो असं आम्ही मानतो, हे राजाने ठरवायचं काम नव्हे. त्यांचे पाळक तुरुंगात टाकले, एका गावात तर शिपाई आणून देवळाचं दार फोडलं. कितीक जण जहाजात बसून परमुलखात गेले. दुसरी एक टोळी बिशपला घेऊन अमेरिकेला पोचली तर बिशपच लबाड निघाला. त्याला होडीत बसवून नदीपार सोडला, आणि मग लोकांनी डोक्याला हात लावला, की आता बिशप नाही तर आपण मंडळी, म्हणजे चर्च, आहोत की नाही? आपल्या पाळकाला पाळक म्हणायचं की नाही? तेव्हा एक तरुण पाळक उभा राहिला आणि म्हणाला, जिथं वचन आहे आणि विश्वासणारे आहेत तिथं मंडळी आहे, आणि पाळक बोलवायचा हक्क त्या मंडळीचा. दुसरा एक म्हणत राहिला, नाही, पाळकाने पाळकावर हात ठेवल्याशिवाय चालायचं नाही. साहेबांनी दोन कप चहा संपवला, घाम पुसला, "लई किचकट हाय राव तुमचं," म्हणाले आणि कुलूप लावून गेले. त्या दिवसापासून आपण चिंचेखाली बसायला लागलो.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर डिंभ्याची म्हातारी अंथरुणाला खिळली. धरणात मासे धरणाऱ्या त्या घरातली, तुम्हाला मुलगा मानायची. ती एकच मागत होती, भोजन द्या, मग मी जाते. तुम्ही पाळकांना फोन केलात. त्यांचा पगार अडकलेला, ते म्हणाले पुढच्या आठवड्यात बघू. पुढच्या आठवड्यातही तेच. मी तेव्हा कॉलेजला होते, तोंडाने आगाऊ. मी म्हटलं, "तुम्ही द्या ना! तो तरुण पाळक काय म्हणाला होता?" तुम्ही चिडलात. "बाप्तिस्मा निकडीला कुणीबी द्यावा, पण भोजनाचं आपल्या शास्त्र्यांचंच जमत नाय. तुला काय कळतंय त्यातलं?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काही न बोलता पिशवी भरलीत आणि मला म्हणालात, चल.

घोडेगावच्या पुढे एस.टी. गेलीच नाही. एका टेम्पोत मासळीच्या रिकाम्या क्रेटवर बसून आपण गेलो. द्राक्षारसाच्या जागी आईने काळ्या मनुका उकळून केलेला रस खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत होता. भाकर तिथली, नाचणीची, म्हातारीच्या सुनेने तव्यावरून उतरवलेली. मला ते घर आत्ता दिसतंय. जाळी छपराला टांगलेली, म्हातारी भिंतीला टेकवून बसवलेली. बसच्या चाकाखाली झोपून नट काढणाऱ्या हातांत तुम्ही भाकर घेता. शब्द म्हणता, भाकर मोडता. म्हातारी तुकडा चघळत राहते, दात नाहीत, वेळ लागतो. मग म्हणते, "झालं बाबा. लई झालं." अण्णा, त्या दिवशी मला तुमचा इतका अभिमान वाटला होता, की परत येताना मी टेम्पोत गाणी म्हणत होते. दोन दिवसांनी ती गेली.

आणि मग पाळक आले. चिंचेखाली, सगळ्यांसमोर उभे राहून म्हणाले, हात न ठेवलेल्या माणसाने दिलेलं ते भोजन नव्हे, म्हातारी नुसती भाकर खाऊन मेली. नुसती भाकर! मी तुमच्याकडे बघत होते. आता बोलतील, मला वाटलं. राजा, जहाज, नदी, सगळं काढतील. तुम्ही उठलात, टोपी काढलीत आणि म्हणालात, "चुकलो." एवढंच, आणि मागच्या सतरंजीवर जाऊन बसलात. त्यानंतर जाईपर्यंत तुम्ही पाळकांच्या हातून भोजन घेतलं नाहीत. ताटली आली की मान खाली. कुलूप निघालं, देवळात परत बाक लागले, तरी तुम्ही शेवटच्या बाकावर. मी समजले की स्वतःला शिक्षा करून घेताय. माझं रक्त उकळायचं. चुकलात म्हणजे काय? म्हणजे म्हातारीच्या तोंडात खरंच नुसती नाचणी होती? आणि नव्हती, तर मग खोटं का बोललात? तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हाही हे विचारायचं होतं. तुमच्या नाकात नळी होती, विचारलं नाही.

परवा डिंभ्याला गेले तेव्हा म्हातारीच्या सुनेने नाचणीची भाकर वाढली. आता तीच म्हातारी झालीय, सांधे सुजलेत, बोटं वळत नाहीत. म्हणाली, "ताई, माझ्यानं आता भाकर मोडवत न्हाई. ह्या रविवारपासून तुमी मोडा. आण्णांची लेक हायसा." मी म्हटलं, आता मोडवत नाही म्हणजे? आजवर कोण मोडायचं? ती म्हणाली, "मीच की! म्हातारी गेल्यापून. आण्णा यायचे, शबुद ते वाचायचे, पण भाकर मोडायचे न्हाईत. म्हणायचे, म्या पाळकाला शब्द दिलाय, मंडळी फुटाया नको. तू मोड, तुला समद्या घरांनी बोलावलंय. मी मोडायचे आन् ते वंजळ पसरून घ्यायचे. लई रडायचे हो पयल्यांदा."

ओंजळ पसरून! अधूनमधून रविवारी जादा ड्यूटी सांगून जायचात, ते हे होतं तर. घरी आले आणि आईला ओरडून विचारलं, तिला आता कमी ऐकू येतं, "तुला ठाऊक होतं?" ती लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मंग मनुका कोण उकळायचं?"

म्हणजे आईला ठाऊक, डिंभ्याला ठाऊक. मलाच नाही. माझं तोंड तुम्हाला माहीत होतं, मी तावातावाने पाळकांना जाऊन सुनावलं असतं आणि मंडळीची आणखी दोन शकलं झाली असती, हे मला पटतं. पटतं, तरी राग जात नाही. मला नेलं असतंत तर मी गप्प बसले नसते का? बरं, नसते बसले. पण तुम्ही एका कोळणीच्या हातून प्रभूला घेत होतात आणि मी शेवटच्या बाकावर तुमची वाकलेली मान बघून देवळावरच जळत होते, हे बरोबर नाही अण्णा. हे बरोबर नाही.

हे पत्र कुठं टाकू? फाडून गाळ्यातल्या कांद्याच्या पातीत टाकेन. हो कळवणार आहे मी डिंभ्याला. मनुका आणल्यात, आई उकळायला बसलीय, तिने मला विचारलंसुद्धा नाही. मोडायची भीती मला नाही वाटत. चिंचेखालच्या त्या रविवारपासून ताटली आली की मीही मान खाली घालते, भोजन घेत नाही. तुमचीच मान खाली असायची म्हणून तुम्हाला कधी दिसलं नाही. उद्या पहिला तुकडा मोडून मी तो म्हातारीच्या सुनेच्या सुजलेल्या हातात देईन आणि म्हणेन, आधी मला द्या. मला भूक लागलीय, अण्णा.