खोटी पोच

प्रिय पंडित,

ऑफिसात तुला सगळे याच नावाने हाक मारायचे, म्हणून तेच लिहिते. खरं नाव लिहायला हात वळत नाही. एकवीस वर्षांनी माझं अक्षर बघून दचकला असशील. दचक. तेवढा हक्क आहे मला.

मागच्या महिन्यात बंदराच्या कचेरीतून बोलावणं आलं. नवा धक्का बांधायचा आहे, त्यासाठी समुद्रतळाच्या जुन्या मोजणीची एक वेगळीच डिस्क वाचून हवी होती. ती आजच्या कुठल्याच मशीनला लागत नाही. तिला मशीनशी जोडणारं ते हातभर लांब जुनं कंट्रोलर कार्ड लागतं आणि ते कार्ड चालवायला तू लिहिलेला प्रोग्रॅम, ड्रायव्हर. तिथल्या साहेबबाईंनी विचारलं, "हे ज्यांनी केलं ते कुठे असतात?" म्हटलं, ते फार मोठे झाले, मीच बघते.

आपली कामाची खोली आता अडगळीची झाली आहे. मोडक्या खुर्च्या, जुने पंखे, खिडकीला पुठ्ठा. पण कपाटात मशीन होतं, दोन्ही कार्डं होती आणि तुझ्या फ्लॉप्यांचा डबाही होता. पहिले दोन दिवस नुसता छळ. मशीन सुरू व्हायचं, ड्रायव्हर चढायचा आणि वर तोंड करून सांगायचा, कार्ड सापडलं नाही. तुझा ड्रायव्हर स्वतःहून काही शोधायला जातच नाही. कार्ड कुठल्या पत्त्यावर बसलंय ते फाइलमध्ये लिहून द्यायचं आणि तोच पत्ता कार्डावरच्या जंपरांनी, म्हणजे पिनांवरच्या टोप्यांनीही लावायचा. फाइलमध्ये एक होता, कार्डावर भलताच. भिंग लावून, चिमट्याने त्या तांदळाएवढ्या टोप्या एकेक काढून बसवल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी डिस्क घरघरली आणि वाचली गेली. काम संपलं होतं. मी घरी जायला हवं होतं.

पण दुसरं कार्ड समोरच पडलं होतं, ज्याने माझं वाटोळं केलं ते.

तुला आठवत असेलच, तरी सांगते. बाबांनी तीस वर्षं त्या बंदरावर भरती-ओहोटी मोजली. निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून यायचे आणि अकरा वर्षांचे आलेख एका बोटाने मशीनमध्ये भरत बसायचे. तू शेजारी बसून त्यांच्या चुका दुरुस्त करायचास. "हा घरात आला की मी सुटलो," असं ते माझ्यादेखत म्हणायचे आणि मी लाजायचे, काय मूर्ख होते! आकडे भरून झाले तसे ओल लागलेले कागद फेकून दिले. मग पहिली डिस्क भरली. तू दुसरी आणलीस, तिच्यासाठी दुसरं कार्ड आणलंस, जंपर कसे लावायचे त्याचा कागद स्वतःच्या हाताने लिहून दिलास आणि म्हणालास, "आता बिनधास्त हलव सगळं."

मी हलवलं. पडद्यावर आलं, 'पूर्ण'. तरी मी यादी उघडली, अकराच्या अकरा वर्षं मोजली, तीन फायली वाचून पाहिल्या. मग पहिली डिस्क पुसली. सोमवारी मशीन बंद करून चालू केलं तर दुसरी डिस्क कोरी.

चौकशीत तू माझ्याकडे न बघता म्हणालास, "जोडणी त्यांनी केली होती. जंपर चुकला असणार." त्यांनी! दोन महिन्यांनी आपलं लग्न होतं आणि मी 'त्या' झाले होते. तुला मोठ्या शहरातली जागा मिळाली, मला कागद-पेन्सिली वाटायचं टेबल. आपलं मोडलं असं कुणी म्हटलंच नाही. तू पत्रं लिहायचा थांबलास, झालं.

तर परवा मी ते दुसरं कार्ड त्याच्या डिस्कसकट बसवलं, तुझाच कागद समोर ठेवून. जंपर चार वेळा ताडून पाहिले. एक फाइल हलवली. पूर्ण. यादीत दिसली, उघडलीही. मशीन बंद करून चालू केलं. गायब. पुन्हा केलं, पुन्हा गायब. मशीन आपल्या मेमरीतलंच दाखवत होतं, डिस्कवर काही उतरतच नव्हतं. तेव्हा मी ड्रायव्हरचा मूळ मजकूर उघडला. मधोमध तुझी टीप आहे, "दोन कार्डं असली तर पहिल्याची पोच दुसऱ्याच्या नावावर जाते. न लिहिताच लिहिल्याचं कळवतो. सध्या कोणाकडे दोन नाहीत. नंतर बघू." खाली तारीख. माझ्या त्या सोमवारच्या एकोणीस दिवस आधीची.

विसरलास, हे मी समजू शकते. माणूस विसरतो. पण चौकशीच्या खोलीत, तीन साहेबांसमोर, तेव्हाही आठवलं नाही तुला? मी तुझा चेहरा ओळखत होते, पंडित. आठवलं होतं.

ही टीप मिरवायची असती तर मी ती कचेरीत दिली असती, तुला पत्र कशाला लिहिलं असतं? बाबा अठ्ठ्याऐंशीचे आहेत. अंथरुणाला खिळले आहेत, मला कधी आत्याच्या नावाने हाक मारतात. बाकी सगळं पुसट झालंय, पण सकाळी त्यांचे केस विंचरायला बसले की न चुकता विचारतात, "पुसायच्या आधी एकदा बघायचं नाही का गं?" एकवीस वर्षं ऐकतेय. परवा मी तुझी टीप छापून आणली, मोठ्याने वाचून दाखवली. त्यांनी कागद बाजूला सारला आणि म्हणाले, "पंडित तसा नाही. तो आला की विचारू." माझा शब्द त्यांना पटत नाही, तुझा पटेल. डॉक्टर म्हणतात, दोन आठवडे, फार तर तीन. मला तुझी माफी नको. डावा कान थोडा शाबूत आहे, त्या बाजूला खुर्ची ठेवते. ये आणि त्यांना एवढंच सांग, की तिने बघितलं होतं.

तुझी व्हायची राहिलेली,
त्यांची मुलगी