खानदानी मत्स्यव्यवसाय

१० फेब्रुवारी, सोमवार

आज स्टाफरूममध्ये पुन्हा एकदा खरं बोलून सगळ्यांना फसवलं! नव्या गणिताच्या बाईंना कुणीतरी सांगितलं, "निमेश सरांच्या घरचा सीफूडचा मोठा बिझनेस आहे." मी नम्रपणे मान खाली घातली.

खोटं मी एक अक्षर बोललेलो नाही. मुलाखतीत प्राचार्या दीपा मॅडमनी विचारलं, घरी काय करतात? म्हटलं, मत्स्यव्यवसाय, तीन पिढ्यांचा. पणजी बसायची, आजी बसायची, आता आई मुरबे गावाहून पाटी घेऊन येते आणि बोईसरच्या बाजारात बसते. लोकांनी त्यावर मनातल्या मनात कोल्ड स्टोरेज बांधलं, त्याला मी काय करणार? इंटरनॅशनल शाळेत अर्थशास्त्र शिकवणाऱ्याचं घर एसी असावं असं त्यांनाच वाटतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

घात झाला. २८ तारखेला उद्योजक दिन. दीपा मॅडम म्हणाल्या, "निमेश, तुमच्या कंपनीचे सीईओ बोलवा. अकरावीला खरा धंदा कळू दे."

"त्या फार बिझी असतात."

"त्या? म्हणजे बाई आहेत? उत्तम! मग तर हव्यातच."

प्राचार्यांपुढे कुठवर टोलवाटोलवी करणार! त्यात माझं कायम होण्याचं पत्र त्याच आठवड्यात सहीला जाणार. वर्षभर रोज टाय लावून ज्याची वाट बघतोय ते पत्र!

१४ फेब्रुवारी

आईला विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

तोडगा निघाला. मावसभाऊ मेहुल! तारापूरच्या कारखान्यात शिफ्टला असतो, पण कोट घातला की मंत्र्याचा पीए वाटतो. त्याला सांगितलं, तू जनरल मॅनेजर, सीईओ दुबईला गेल्यात. चार वाक्यं पाठ करून घेतली. 'एक्स्पोर्ट क्वालिटी' म्हणताना दर वेळी हसतो गधडा. मोबदला — एक बिर्याणी.

जाताना म्हणाला, "मावशीला ठावं हाय?"

"नाय."

"मंग बघ बाबा. मी तिला लय घाबरतंय."

आता मात्र हे खोटंच झालं. पण चाळीस मिनिटांचा तर प्रश्न आहे!

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

कुठून सुरुवात करू?

साडेदहाला मेहुल कोट घालून फाटकापाशी घाम पुसत उभा. इतक्यात रिक्षा थांबली आणि तीतून आई उतरली! नवं लुगडं, डोक्यावर पाटी. वॉचमन म्हणाला, "मौसी, मछलीवाला गेट पीछे है." आई म्हणाली, "मी शिकवाया आयलंय." तिला पाहून मेहुल जो पळाला तो स्टेशनापर्यंत मागे वळला नसणार.

दीपा मॅडम स्वतः तिला वर्गात घेऊन आल्या. आईने बाकं मागे सारायला लावली, जमिनीवर प्लास्टिक अंथरलं, पापलेटं मांडली. मी दाराशी थिजून उभा.

"बोला. कोन घेतं?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. दर्पण — याच्या बापाचा एमआयडीसीत रसायनांचा कारखाना — चेष्टेने म्हणाला, "जोडी पन्नास रुपये!" आईने जोडी उचलून दिली! नोट कपाळाला लावली, पाटीला लावली.

रिद्धीने लगेच हात वर केला. "मलाही पन्नासला."

"तुला आठशे."

"का? तोच मासा आहे!"

"तो पयला आला. भवानीचं गिऱ्हाईक परत धाडायचं नाय, काय देल ते घ्यायचं. आता त्याचं नुकसान तुमच्याकडनं काढायला नको?" मग मॅडमकडे बोट. "ह्या बाय गाडीतनं उतरतात, भाव करीत नाय. त्यांना हजार लावतंय."

दीपा मॅडम जोरात हसल्या. "माहीत आहे मला!" पोरांनी टाळ्या वाजवल्या. एका मालाला गिऱ्हाईक बघून वेगवेगळा भाव — हा धडा मला तीन तास लागतो, तिला दहा मिनिटं पुरली.

आणि मग आईने माझ्याकडे पाहिलं. वर्गात पहिल्यांदाच.

"बरोबर सांगतंय ना मी, सर?"

सर! सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. तिने मला वाट मोकळी करून दिली होती, आणि मी त्या वाटेने गेलोसुद्धा. म्हणालो, "हो, बाई. अगदी बरोबर."

स्वतःच्या आईला बाई म्हणालो! तिने पाटी आवरली आणि गेली. घरी आल्यावर ताटात कालवण वाढलं, वर म्हणते, "पोरं हुशार हायत तुझी." लाज वाटते. ती मासळी विकते याची नव्हे, माझी.

१ मार्च, शनिवार

सकाळी दीपा मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. काल आईला त्यांनीच बोलावलं होतं. म्हणाल्या, "तुमचा अर्ज मला मेलने आलाच नव्हता, निमेश. गेल्या वर्षी पापलेटाच्या पिशवीत मिळाला. छापलेला, ओला. 'माझा पोर हाय, एकदा बघा' — एवढंच म्हणाल्या काशीबाई. तेव्हापासून मी भाव करत नाही. आणि तेव्हापासून वाट बघतेय, तुम्ही कधी सांगता त्याची."

मी विचारलं, "आणि माझं पत्र?"

"सही केली. आजच बाजारात देऊन आले त्यांच्याकडे. जा, सगळ्यांसमोर मागून घ्या. आई म्हणून."