खालच्या चौकटीतली ठकू

दि. १४ मार्च, शनिवार दुपार

चि. ठकूस,
आईचे पोटभर आशीर्वाद.

आम्ही दोघं बरे आहोत. तूही बरी असशील असं धरून चालते, कारण तसं धरलं नाही तर हातून काही काम होत नाही. हे पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकते आहे. तू अजून तिथेच आहेस की नाही, देव जाणे. नसलीस तर तिथलं कुणी भलं माणूस तुझ्यापर्यंत पोचवेल. पत्ता कुठून मिळाला ते पुढे सांगते, आत्ताच कपाळाला आठ्या घालू नकोस.

बातमी अशी की दुकान बंद केलं. माझ्या एका डोळ्याचं ऑपरेशन मागच्या वर्षी झालं, दुसऱ्याचं व्हायचंय. सुईत दोरा ओवायला गिऱ्हाइकाला हाक मारायची पाळी आली, तेव्हा मीच म्हटलं, पुरे. बाबांनी कात्र्या, टेपा, पडद्यांच्या रिंगा, सगळं खोक्यात भरलं. ज्या दुकानात तू बसणार नाहीस म्हणून बाबांचं आणि तुझं एवढं महाभारत झालं, त्या दुकानात आता चष्मेवाला आलाय.

दुकान आवरलं तसं फोनवरचं दुकानाचं पानही बंद करायचं ठरलं. तुला ते ठाऊक नसेल, तू गेल्यावर काढलं. पडदे शिवून गिऱ्हाइकाच्या खिडकीला लावले की मी फोटो काढून त्यावर टाकायचे. शेजारचा फोटो स्टुडिओवाला म्हणाला, "काकू, जायच्या दोन तऱ्हा. एक तर सगळं पुसून जायचं, नाहीतर जुनं तसंच ठेवून नुसतं यायचं बंद करायचं." बाबा म्हणाले, "पुसून टाक. लोकांच्या खिडक्या आपण कशाला सांभाळायच्या?" मलाही पटलं. बसलो आम्ही एकेक काढून टाकायला.

आणि पडद्यांच्या मधेमधे ते दिसायला लागलं. नुसता एक शब्द. ठकू. फोटो नाही, काही नाही. चार पडदे झाले की पुन्हा ठकू.

अगं, ते मीच लिहिलं होतं! मला कुणीतरी सांगितलेलं की त्यात नाव लिहिलं की माणूस सापडतो. मी लिहायचे, वाट बघायचे, तू काही यायची नाहीस. पुन्हा जीव कासावीस झाला की पुन्हा लिहायचे. फोटोवाल्यानं पाहिलं आणि बिचाऱ्याला हसताही येईना. म्हणाला, "काकू, शोधायची चौकट वर असते. ही खालची सगळ्यांना सांगायची." म्हणजे इतकी वर्षं मी तुला शोधतच नव्हते, गावभर तुझ्या नावानं हाका मारत होते. खाली गिऱ्हाइकांनी लिहिलंय. एक विचारते, "ठकू म्हणजे नवीन कापड आलंय का? काय भाव?" दुसरी म्हणते, "मलाही दोन खिडक्यांना ठकू हवंय." आता हसू की रडू, तूच सांग.

बाबा मात्र तापले. "अब्रू वेशीवर टांगलीस. घरातलं घरात ठेवायला काय होतं?" घरात तुझं नाव काढायचं नाही, हा त्यांचा नियम. फोटोवाल्याला म्हटलं, त्या वरच्या चौकटीत तूच लिही रे. तो म्हणे, ठकू लिहून काय सापडणार, खरं नाव सांगा. आपल्या घरात त्या नावानं तुला कुणी कधी हाक मारली होती? जरा आठवावंच लागलं.

त्यानं लिहिलं आणि तू आलीस.

केस कापलेस गं. छान दिसतात. बारीक झालीयस, डबा नेत नसशील. फोटोवाला म्हणाला, "हे जुनं आहे काकू. ताईंनी इथं येणं केव्हाच सोडलंय, पण पुसलेलं काही नाही." तुझं टेबल, त्यावरचा हिरवा कप, ऑफिसच्या दारावरची पाटी. त्या पाटीवरून हा पत्ता. तू सगळं आवरून गेली असतीस तर माझ्या हाती आज काय लागलं असतं? तुझा पसारा मी जन्मभर शिव्या घालत उचलला. या वेळी पहिल्यांदा वाटलं, बरं झालं, पोरीला आवरायचं वळण नाही.

तेव्हाच मी बाबांना सांगितलं, पडदे जाऊ देत, ठकू काढायची नाही. उद्या तिनं आपलं पान उघडलं तर तिला काय दिसावं? बाबा हट्टाला पेटले. "सगळं म्हणजे सगळं." फोन माझ्या हातून घेतला, चष्मा लावला आणि पुसत सुटले. दोन-तीन ठकू माझ्या डोळ्यांदेखत गेल्या.

मग ते एकाएकी थांबले. बोट पुढे सरकेना. मी वाकून पाहिलं. तिथे लिहिलेलं होतं, फौजदार.

ऑपरेशनच्या वेळची तारीख. तेव्हा मी डोळ्याला पट्टी बांधून मावशीकडे होते आणि फोन दुकानात होता. खाली कुणीतरी काळजीनं विचारलंय, "काय झालं? चोरी झाली का?" अगं, रांगत होतीस तेव्हापासून त्यांना दरडावायचीस म्हणून तुला फौजदार म्हणणारा माणूस या जगात एकच. माझं बघूनच शिकले असणार, म्हणून चूकही माझीच केली.

"फोन तापलाय," म्हणाले आणि आत गेले. बराच वेळ नळ वाहत होता. बाहेर आले ते तोंड पुसत. म्हणाले, "राहू दे. आपल्या घरातली जागा थोडीच जातेय?"

पडदे गेले. तुझी नावं तेवढी आहेत. आम्ही आता त्या पानावर जाणार नाही, पण तुझ्यासाठी ते उघडं आहे.

पत्राला बसले तेव्हा ठरवलं होतं, बातमी तेवढी कळवायची, ये म्हणायचं नाही. पण किती वेळ खोटं लिहू? ये गं. बोलायचं नसलं तर नको बोलूस, नुसती बसून जा. तुझ्यावाचून मला करमत नाही, एक दिवससुद्धा करमलेलं नाही.

बाबा मघापासून पाकीट हातात घेऊन उभे आहेत, पोस्ट बंद होईल म्हणून घाई करतायत. आत्ता हळूच विचारलं, "खाली माझं घातलंस का?"

घालते.

वाट बघणारे,
तुझी आई
आणि बाबा