चांदीचं मोकळं आवार

१२ नोव्हेंबर १९४६, मंगळ.
आज गोठा पावलांनी मोजला. लांबी नऊ, रुंदी चार. त्यात दोन बैल, एक म्हैस, तीन गाई आणि चांदी गाईचं वासरू. भिंतीला एकच झरोका आणि तोही आबांनी शेणानं लिंपून टाकलेला. एक थंडीसाठी, दुसरं म्हणजे व्यालेल्या गाईला दृष्ट लागू नये म्हणून. गोठ्याच्या तोंडाला गोणपाट. आत पाऊल टाकलं की मुताच्या वासानं डोळे झोंबतात. चांदीचे गुडघे सोलून निघालेत, कास एका बाजूनं कडक, त्या सडातून पिवळं पाणी. दोन्ही वेळचं मिळून सव्वा शेर.

लष्कराच्या डेअरी फार्मवर सहा वर्षं काढली. तिथं गाई मोकळ्या आवारात फिरायच्या, धारेपुरत्या बांधायच्या. जूनपासून घरी आहे आणि वडिलांपुढे तोंड उघडलेलं नाही. आता उघडणार. हात शिवशिवतायत.

१४ नोव्हें., गुरु.
उघडलं. आबा म्हणाले, चांदीला घोडेगावच्या बाजारात न्यायचंच ठरवलंय, उद्याच. सरू चुलीपाशी होती. भाकरी थापायचा आवाज थांबला. चांदी तिची, आमच्या लग्नात मिळालेलं माहेरचं आंदण. पारनेरहून कालवड असताना गाडीमागं चालत आली होती. सरूनं मला जेवण वाढताना ताट असं आदळलं की माझीच जीभ मोकळी झाली.

खूप घासाघीस. शेवटी आबा: "संक्रांतीपतुर तुजा खेळ कर. संक्रांतीला दोन येळचं तीन शेर भरलं तर ऱ्हाऊ दे. न्हाई तर बाजार, आन मग गोठ्यात तुजं तोंड घालायचं न्हाई."

तीन शेर! चांदीच्या आईनं पारनेरला तीन शेर दिलेत, सरूला ठाऊक. आबांनाही ठाऊक, म्हणून तोच आकडा. मी हो म्हणून बसलो.

१९ नोव्हें., मंगळ.
पाठीमागच्या लिंबाभोवती दगडांचा गडगा रचतोय. कमरेच्या वर उंची, डोक्यावर बाभळीच्या काट्या. अर्ध्या भागावर पाचटाचं छप्पर, अर्धं उघडं. खाली मुरूम, उतार देऊन, म्हणजे मूत वाहून जाईल. पाण्याची दगडी डोण आतच. आजवर जनावरं दिवसातून एकदा विहिरीवर, तेवढंच पाणी. मोकळ्या जनावरानं वाटेल तेव्हा प्यावं. दूध म्हणजे दुसरं काय, पाणीच की निम्म्याहून जास्त. हे आबांना सांगितलं तर म्हणाले, मग विहिरीचीच धार काढ.

कंबर मोडली आहे. झोप येत नाही इतका आनंद.

२३ नोव्हें., शनि.
शोभा झाली. लिहायलाही लाज वाटते.

घोडेगावच्या सुताराकडून बाभळीचं फाटक करून घेतलं होतं. फार्मवर होतं तसं, वर कडी. आज बैलगाडीत घालून आणलं. आज शनिअमावास्या, देवाला तेल वाहायला चार गावची माणसं लोटलेली, आणि त्यातून मी ऐटीत फाटक मिरवत आलो. माणसं बाजूला होऊन बघायला लागली तेव्हा डोक्यात उजेड पडला. आमच्या शिंगणापुरात घराला दार नाही. कडी नाही, कुलूप नाही. कुत्रं येऊ नये म्हणून फळी टेकवून ठेवतात, बस. मी इथंच जन्मलो, इथंच वाढलो, आणि सहा वर्षांत हेच विसरलो.

शेजारचे भीमातात्या, आबांच्या बरोबरीचे, गाडीपाशी आले. रागावले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, "रंगा, इस्वास कुनावर न्हाई तुजा? देवावर, का आमच्यावर?"

फाटक उलटं करून गव्हाण केली. आबांनी दिवसभर माझ्याकडे पाठच केली. सरू मात्र पदर तोंडाला लावून हसत होती, दोनदा पकडली.

२४ नोव्हें., रवि.
दोरी आडवी बांधू का, असं तात्यांना विचारलं. बांधलं म्हणजे कडीच, असं उत्तर. तेव्हा फळी. नुसती टेकवलेली. दुपारी चांदीला सोडलं.

दाव्यातून सुटली तरी हलेना! खुंट्याजवळ उभी असल्यासारखी एकाच जागी. मग एक पाऊल. मग डोणीपाशी गेली आणि किती प्यायली, मोजलंच नाही. मग लिंबाच्या बुंध्याला मान घासली, पाठ घासली, आणि उन्हात बसली. नीट, चारी पाय पोटाशी घेऊन. गोठ्यात ती बसायची ते आपटायचीच. मी आणि सरू तिथंच उभे. स्वयंपाक करपला.

२५ नोव्हें., सोम.
फळी पाडून गेली. सकाळी सापडली ती भीमातात्यांच्या हरभऱ्यात. पोट फुगलेलं, डावी कूस ताशासारखी. तेल पाजलं, चालवली, सरू रडत पोट चोळत होती. दहाच्या सुमारास वारा सरला. वाचली.

आबा दावं घेऊन उभेच. तात्या आपल्या तुडवलेल्या हरभऱ्याकडे बघत म्हणाले, "फाटक नगं म्हनलो ते मीच. आता भांडू कुनासंगं?" आणि निघून गेले. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

चांदी पुन्हा अंधारात, खुंट्याला.

२६ नोव्हें., मंगळ.
माग काढला! खुरं हरभऱ्याकडे सरळ गेलेलीच नाहीत. आधी गोठ्याच्या तोंडाशी गेलीत. तिथं गोणपाटापुढं फेऱ्याच फेऱ्या, माती उकरलेली. मग वाट फुटेल तिकडं. तिचं वासरू आत बांधलेलं होतं. फार्मवर वासरं जन्मल्याबरोबर वेगळी काढत, म्हणून मीही विचार केला नाही. सरूला दाखवलं तर मलाच विचारते, पोर आत कोंडलंय तर आई कशाला घरात बसेल?

फार्मवर फाटक का लागत होतं ते आज कळलं. सहा वर्षांत कुणाला विचारावंसंही वाटलं नाही.

आबांपुढे हात जोडले. एक वेळ अजून. सरूही पुढे आली, सासऱ्यांपुढे पहिल्यांदा बोलली: "माझी हाय ती. गेली तर माझी जाईल." आबा उठून शेतावर गेले. नाही म्हणाले नाहीत.

२८ नोव्हें., गुरु.
वासरू आवारात, तोंडाला मुस्की, म्हणजे पिणार नाही. चांदी शेजारी. फळी टेकवलेली. सकाळी फळी जागच्या जागी! तिला शिंग लावल्याची खूणसुद्धा नाही. मी नाचलो, खरंच नाचलो, वय तीस.

८ डिसें., रवि.
स. एक शेर, सं. पाऊण. मिठाच्या पाण्यानं कास शेकतोय, आजारी सड रोज चारदा पिळून सांडतोय. आज त्यातून पांढरं दूध आलं. खाली कोरडा मुरूम, घाण लागत नाही, म्हणून सूज उतरतेय. गुडघ्यांवर लव फुटलीय, बोटानं कळते.

आबांचं म्हणणं, थंडीत मरेल. मरत नाही. छपराखाली वासराला टेकून बसते आणि कडबा दीडपट खाते.

२२ डिसें., रवि.
सव्वादोन! दुसऱ्या दोघी गाईही सोडल्या, आबा घरी नसताना. पहिले दोन दिवस शिंगांची मारामारी, चांदीनं दोघींना सरळ केलं. आता डोणीवर आधी चांदी, मग बाकीच्या. गोठ्यात इतकी वर्षं शेजारी बांधलेल्या, पण ओळख आत्ता झाली.

आबा आले, बघून घरात गेले. पण संध्याकाळी गडग्यावर कोपर टेकून उभे होते. मी दिसल्यावर खोकल्यासारखं करून गेले.

१० जाने. १९४७, शुक्र.
तीन शेर. माप काठोकाठ. सरूनं बोट लावून बघितलं, मी बघितलं. आबांना सांगितलं, तर म्हणाले, संक्रांत अजून व्हायचीय. आणि संक्रांतीला धारा ते स्वतः काढणार, दोन्ही वेळेला. "तुमी दोघं हात लावायचा न्हाई."

चांदी सरूच्या हाताला पान्हा सोडते, माझ्या हाताला कसाबसा. आबांनी तिची धार कधीच काढलेली नाही.

१४ जाने., मंगळ. संक्रांत
सकाळी दीड शेर, आबांच्या हाताला! माझा विश्वास बसेना. सरू घरातल्या देवाला हळदकुंकू वाहून आली, तिळगूळ वाटायचाच विसरली.

संध्याकाळी आबा पुन्हा बसले. आम्ही गडग्याबाहेर. पान्हा आला, चरवीत धारा वाजायला लागल्या, चांगल्या जोरात. अर्ध्यावर चांदीनं मान वळवली आणि आबांची पाठ चाटायला लागली. खालून वर, वासराला चाटते तशी. सदरा वर सरकला, पागोटं पडलं. आबांचे हात थांबले. गोठ्यात कुठल्याच गाईची मान इतकी वळत नाही. पन्नास वर्षं जनावरं राखली त्यांनी, त्यांना आजवर कुणी चाटलं असेल असं वाटत नाही.

ते तसेच बसून राहिले, मान खाली, ती चाटत होती. शेवटच्या धारा काढल्याच नाहीत. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अजून आहे, काढा. सरूनं माझं मनगट धरून ठेवलं होतं.

माप केलं. दोन्ही वेळचं मिळून पावणेतीन.

"पाव शेर कमी हाय," आबा म्हणाले. पागोटं उचललं, झटकलं, पण डोक्याला बांधलं नाही. तसंच हातात घेऊन घरात गेले.

शुक्रवारी बाजार. गाडी जुंपायचं कुणी बोललेलं नाही. मी विचारणार नाही, सरूनंही विचारू नये म्हणून सांगितलंय.